तिकीट लावलेला डोंगर : हडसनकाठी एका चित्रकाराच्या मागावर

गुरुवार

न्यूयॉर्कहून हडसन गावाला जाणाऱ्या गाडीत चढताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची : डाव्या हाताची खिडकी. रूळ नदीच्या पूर्व काठाला इतके चिकटून जातात की काही ठिकाणी खाली नुसतं पाणीच दिसतं. भाचा म्हणाला होता, "मावशी, संध्याकाळी माझ्याबरोबर कारनंच चल ना, सामान उचलायला नको." त्याला म्हटलं, तू तुझं ऑफिस उरकून ये, मला नदी बघत जायचंय. आणि मोयनिहान हॉलमध्ये वेळेच्या बरीच आधी जाऊन रांगेत उभी राहिले.

शहर मागे पडलं की पलीकडच्या काठावर पॅलिसेड्सचे उभे कडे सुरू होतात. मग टॅपन झीचं समुद्रासारखं पसरलेलं पात्र, मग वेस्ट पॉइंटची करडी दगडी लष्करी अकादमी, स्टॉर्म किंग डोंगर, आणि लगेच एका बेटावर बॅनरमनच्या शस्त्रकोठाराचे किल्लेवजा भग्न बुरूज. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. मेपल पेटले होते, ओक अजून विचार करत होते.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो फ्रेडरिक एडविन चर्च, जन्म १८२६, मृत्यू १९००. शाळेत चित्रकला शिकवत असताना त्याची चित्रं पुस्तकांत बोटाएवढी छापलेली पाहिली होती, आणि ती तेवढीच पाहिली तर तो काही फार मोठा वाटत नाही. कॅलेंडरवर शोभेल असं काहीतरी. मला कुतूहल होतं ते त्याच्या रंगांइतकंच त्याच्या व्यवहाराचं. या माणसानं एकच चित्र अंधाऱ्या खोलीत मांडून, दारावर तिकीट लावून, हजारो लोकांना दाखवलं. त्याच्या गुरूला, टॉमस कोलला, मात्र आयुष्यभर गिऱ्हाइकांची मनधरणी करावी लागली. दोघं या नदीच्या समोरासमोरच्या काठांवर राहिले. एकाच्या घरापासून दुसऱ्याच्या घरापर्यंत मधला पूल ओलांडून हल्ली चालतसुद्धा जाता येतं.

इथल्या निसर्गाची चित्रं काढणाऱ्या या मंडळींना 'हडसन रिव्हर स्कूल' म्हणतात. शाळाबिळा काही नव्हती. नाव पुढच्या पिढीनं जरा हिणवूनच ठेवलं आणि ते चिकटलं.

हडसन गावाबद्दल थोडक्यात : नदीकाठचं असूनही एके काळी देवमाशांच्या शिकारीवर पोसलेलं गाव, समुद्रापासून इतकं आत. आता वॉरन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत आणि किमती बघून आपण हात मागे घेतो. भाचा रात्री नऊला पोचला, जेवण झालेलंच नव्हतं, मी आणलेल्या दशम्या आणि लसणाच्या चटणीवर भागलं.

शुक्रवार

सकाळी रिप व्हॅन विंकल पूल ओलांडून पश्चिमेला कॅटस्किल गावात. टॉमस कोलचं घर, सीडर ग्रोव्ह. पिवळं, दुमजली, पुढं लांब व्हरांडा, आणि व्हरांड्यातून समोर कॅटस्किलची निळी रांग. घर त्याचं नव्हतं हे तिथं गेल्यावर नीट कळलं. ते त्याच्या बायकोच्या, मारिया बार्टोच्या, काकांचं. कोल आधी इथे भाड्यानं जागा घेऊन चित्रं काढायचा. १८३६ मध्ये याच घराच्या दिवाणखान्यात त्याचं लग्न झालं आणि मग तो इथलाच झाला.

कोल जन्मानं इंग्रज, लँकशरमधल्या बोल्टनचा, कापडगिरण्यांच्या मुलखातला. १८१८ मध्ये आईबापांबरोबर अमेरिकेत आला. १८२५ मध्ये बोटीनं हडसन चढून वर आला, डोंगरांची रेखाटनं केली आणि न्यूयॉर्कला परतून काढलेली चित्रं एका दुकानाच्या खिडकीत ठेवली. ती जॉन ट्रंबलच्या नजरेस पडली. ट्रंबल म्हणजे तेव्हाचं मोठं प्रस्थ. त्यानं एक घेतलं आणि विल्यम डनलॅप, आशर ड्युरँड या आणखी दोघा चित्रकारांना एकेक घ्यायला लावलं. प्रत्येकी पंचवीस डॉलर. अमेरिकन निसर्गचित्राचा इतिहास बहुतेक पुस्तकं इथूनच मोजायला लागतात.

आवारात एक साधी खोली आहे, १८३९ पासून त्याचा स्टुडिओ असलेली. चित्रकाराला हवा असतो तसा उंच खिडकीतून येणारा शांत उत्तरेचा उजेड. १८४४ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा चर्च शिकायला आला तो इथेच. त्याचे वडील कनेटिकटमधल्या हार्टफर्डचे बडे आसामी, मुलानं धंद्यात यावं अशी त्यांची इच्छा. पण डॅनिएल वॉड्सवर्थ नावाच्या शेजारच्या धनिकानं शब्द टाकला आणि कोलनं पोराला ठेवून घेतलं. दोन वर्षं तो इथे राहिला. हात आधीच तयार होता म्हणतात, गुरूनं त्याला डोंगरात कसं फिरायचं ते शिकवलं.

कोलचा स्वभाव मला त्याच्या लिखाणातून जास्त कळतो. १८३६ मध्ये कॅटस्किलच्या दरीत रेल्वेसाठी झाडं पडायला लागली तेव्हा त्यानं आपल्या आश्रयदात्याला, लूमन रीडला, पत्रात लिहिलं की तांब्याच्या काळजाचे रानटी लोक इथली सगळी झाडं तोडत सुटलेत. त्याच वर्षी अमेरिकन निसर्गावर त्याचा निबंध आला, त्यातही कुऱ्हाडीबद्दलची हीच कळकळ. हा रीड किराण्याच्या घाऊक व्यापारावर श्रीमंत झालेला. त्यानंच 'द कोर्स ऑफ एम्पायर' ही पाच चित्रांची मालिका करायला सांगितली आणि ती पुरी व्हायच्या आत तो गेला. कोलच्या नशिबात हे असंच. बोधपर, गंभीर चित्रं काढावीत असं त्याला वाटे, आणि लोक येऊन म्हणत, आमच्या गावाजवळचा तो धबधबा काढा. १८४८ च्या फेब्रुवारीत, सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पुरलंय इथेच, गावातल्या थॉमसन स्ट्रीटच्या दफनभूमीत.

शनिवार

सोमवारची सुट्टी जोडून आल्यामुळे सगळं न्यूयॉर्क आमच्या आधी काटरस्किल धबधब्यावर पोचलं होतं. वाहनतळ भरलेला, अरुंद घाटरस्त्याच्या कडेनं लोक पोरांना हाताला धरून चाललेले. भाच्यानं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, १८३० सालीही असंच होतं, फक्त घोडागाड्या होत्या.

आणि ते खरंच आहे. हा दोन टप्प्यांचा, सुमारे २६० फुटांचा धबधबा त्या काळात अमेरिकेतल्या गाजलेल्या ठिकाणांपैकी होता. वर ओढ्याला बांध घातलेला. पाहुणे खाली कपारीत येऊन उभे राहिले, पैसे दिले, की वरचा माणूस फळी उचलणार आणि पाणी सुटणार. पाहून झालं की बंद. धबधब्याला कठडे, वर पाहण्यासाठी मचाण, खाण्यापिण्याची सोय, सगळं. कोलनं १८२६ मध्ये हा धबधबा काढला तेव्हा यातलं काहीच काढलं नाही. कठडे नाहीत, मचाण नाही. कड्यावर एक मूळनिवासी माणूस, एकटाच, मुंगीएवढा. म्हणजे अस्पर्श अरण्य म्हणून ज्या चित्रांची ख्याती झाली, ती पर्यटकांच्या गर्दीत उभं राहून, गर्दी वगळून काढलेली आहेत. आमच्या फोनमधल्या फोटोतून भाचाही तेच करत होता, बोटानं माणसं पुसत. मला त्यात लबाडी वाटत नाही. काय काढायचं हे ठरवण्याआधी काय गाळायचं हेच ठरवावं लागतं.

पायऱ्या बऱ्या आहेत, पण ओल्या पानांवरून पाय सटकतो. गुडघ्याचा पट्टा आणि काठी दोन्ही कामी आली.

दुपारी नॉर्थ-साउथ लेकवरून 'माउंटन हाउस'च्या जागेवर गेलो. १८२४ मध्ये उघडलेलं हे हॉटेल, कड्याच्या अगदी टोकावर, पुढं तेरा खांबांची पांढरी ओसरी. अमेरिकेचे अध्यक्ष, लेखक, चित्रकार, सगळे सूर्योदय बघायला इथे येत. पुढे लोक मोटारींतून भलतीकडे जायला लागले, हॉटेल ओस पडलं, छप्पर गळायला लागलं. जागा राज्य सरकारकडे आली. कॅटस्किलच्या राखीव वनजमिनीवर काही बांधायचं नाही, ती कायम रानच राहील असा न्यूयॉर्कच्या राज्यघटनेतला दंडक आहे, तेव्हा २५ जानेवारी १९६३ च्या पहाटे सरकारी माणसांनीच ते पेटवून दिलं. आता कडा आहे, कड्याच्या खडकावर दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी छिन्नीनं कोरलेली नावं आहेत. काही नावांची अक्षरं इतकी रेखीव, टोकांच्या बारीक रेघांसकट (छापील अक्षरांतल्या 'सेरिफ'सारख्या), की कोरणाऱ्याला पगार देऊन बसवलं असावं. खाली दरी, दरीच्या पलीकडे नदीची चकाकती पट्टी, आणि नदीपलीकडच्या एका टेकडीवर कुठंतरी चर्चचं घर. दुर्बीण नव्हती, दिसलं नाही.

रविवार

ओलाना. हडसनच्या दक्षिणेला टेकडीवर, अडीचशे एकरांच्या आवारात.

चढणीचा रस्ता सरळ घराकडे नेत नाही. वळसे घेत, झाडीतून, मध्येच तळं दाखवत, मध्येच काहीच न दाखवता नेतो. आणि हे मुद्दाम. घोडागाडीतून येणाऱ्या पाहुण्याला कुठल्या वळणावर काय दिसावं हे चर्चनं ठरवलेलं आहे. झाडं हजारोंनी लावली, दहा एकरांचं तळं खणून घेतलं. वरून पाहिलं की तळ्याचा आकार खालच्या नदीच्या वळणाशी जुळतो. विद्यार्थी असताना, १८४५ मध्ये, त्यानं याच भागात बसून रेखाटनं केली होती. १८६० मध्ये लग्नाच्या सुमारास १२६ एकरांची शेती घेतली, १८६७ मध्ये टेकडीचा माथा. माथा शेवटी घेतला, पण खालची जमीन घेतानाच त्याचा डोळा माथ्यावर होता असं मला वाटतं.

घर पाहून भाचा म्हणाला, "हे काय, हडसनवर इराणी हवेली?" लाल, पिवळ्या, काळ्या विटांच्या नक्षी, टोकदार कमानी, दारावर अरबीत स्वागताचा शब्द. १८६७ ते १८६९ चर्च बायकोमुलासह युरोप आणि पश्चिम आशियात होता. बैरुत, जेरुसलेम, दमास्कस पाहिलं, खडकात कोरलेल्या प्राचीन पेट्राला उंटावरून गेला. इराणला मात्र कधी गेला नाही, ते पुस्तकांतून घेतलं. परतल्यावर कॅल्व्हर्ट व्हॉक्सला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोन रचनाकारांपैकी एकाला, हाताशी घेऊन हे घर उभं केलं. पण भिंतींवरच्या नक्षीचे साचे, त्यांचे रंग, सगळं चर्चनं स्वतः ठरवलं. जिन्याजवळच्या खिडकीला पिवळसर काच आहे. तिच्यावरची जाळी मला आधी लोखंडी वाटली. जवळ गेल्यावर कळलं, कात्रीनं कापलेला कागद आहे, दोन काचांमध्ये बसवलेला. कोट्यधीशाच्या घरात कात्रीचा कागद! यावर मी एकदम खूश झाले. शाळेत मुलांकडून आपण हेच करून घेतो.

आत फोटो काढायला वेळ घालवू नका, बैठकीच्या खोलीत शेकोटीवरचं 'अल खझना, पेट्रा' बघा. दोन काळ्या कड्यांच्या फटीतून उजळलेला गुलाबी दर्शनी भाग. खोलीचे रंग या चित्रावरून घेतलेत, त्यामुळे चित्र भिंतीवर टांगलेलं न वाटता भिंतीतूनच उगवल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दोन लहान चित्रांपुढे मात्र मी जास्त वेळ थांबले. एक सूर्योदय, एक चंद्रोदय, दोन्ही १८६५ ची. त्या मार्चमध्ये घटसर्पानं चर्चची दोन्ही मुलं, हर्बर्ट आणि एम्मा, आठवडाभराच्या अंतरानं गेली. तेव्हा त्यांना दुसरं मूल नव्हतं. नवराबायको जमैकाला निघून गेले आणि तिथे तो वेड्यासारखा रेखाटनं करत राहिला. पुढे चार मुलं झाली, घर भरलं, पण ही दोन चित्रं त्यानं विकली नाहीत.

नंतर संधिवातानं त्याचा उजवा हात आखडला. डाव्या हातानं काढायला शिकला, तरी मोठे कॅनव्हास संपले. १८८४ मध्ये त्यानं शिल्पकार मित्र इरॅस्टस पामरला लिहिलं की स्टुडिओत रंगांशी झटापट करण्यापेक्षा इथे रस्ते काढून आपण जास्त आणि जास्त चांगले देखावे करतो आहोत. त्या ओळीत विषाद आहे असं बरेच जण सांगतात. मला तर त्यात मालकाचं समाधान दिसतं. कोलला समोरची झाडं वाचवता आली नाहीत कारण ती त्याच्या जमिनीवर नव्हती. चर्चनं जमीनच घेतली.

पण नजर जाते तिथपर्यंतची जमीन कुणालाच घेता येत नाही, आणि खरी गंमत पुढे आहे. १९६४ मध्ये चर्चची सून वारली, घर लिलावात निघणार होतं. डेव्हिड हंटिंग्टन या कला-इतिहासाच्या प्राध्यापकानं रान उठवलं, आणि १९६६ मध्ये राज्यानं घर सामानासकट घेतलं. पुढे सत्तरच्या दशकात समोर नदीकाठी, सिमेंटन इथे, अणुवीज केंद्र उभारायची योजना आली. त्याचा शीतकरण मनोरा ओलानाच्या ओसरीतून नेमका चित्राच्या मधोमध दिसणार होता. केंद्रीय अणु-नियामक आयोगाच्या तज्ज्ञांनी देखाव्याच्या हानीचं कारण देत विरोधात शिफारस केली आणि १९७९ मध्ये योजना गुंडाळली गेली. इतरही कारणं होती, थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात त्याच वर्षीचा. २००५ मध्ये याच परिसरातला एका सिमेंट कंपनीचा मोठा प्रकल्पही राज्यानं नाकारला, त्यातही हा देखावा आडवा आला.

भाचा वीज कंपनीत इंजिनिअर. ओसरीच्या पायऱ्यांवर बसून आमचं यावर चांगलंच वाजलं.

"म्हणजे एका श्रीमंत माणसाला खिडकीतून छान दिसावं म्हणून बाकीच्यांनी वीज दुसरीकडून आणायची?"

"आता तो श्रीमंत माणूस कुठंय? तू बसलायस ना इथे, फुकट."

"फुकट कुठे, आतलं तिकीट काढलं की."

"बाहेर बसायला नाही काढलं."

"मावशी, कोळशाचा धूर मग दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीसमोर जातो, एवढंच." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यालाही समोरून उठवत नव्हतं.

सोमवार

पहाटे कारनं निघालो. वाटेत त्याला चर्चच्या हिमनगांची गोष्ट सांगितली. १८५९ मध्ये चर्च न्यूफाउंडलंड-लॅब्राडोरच्या समुद्रात बोट घेऊन हिमनग रेखाटत फिरला. १८६१ च्या एप्रिलमध्ये मोठं चित्र मांडलं आणि बारा दिवसांपूर्वीच यादवी युद्धाला तोंड फुटलेलं. अमेरिकेत गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ते एडवर्ड वॉटकिन या इंग्रज रेल्वेवाल्यानं घेतलं आणि मँचेस्टरजवळच्या त्याच्या घरी गेलं. पुढे त्या वास्तूत मुलांचं वसतिगृह झालं, आणि जिन्यातल्या त्या चित्राचा जगाला विसर पडला. १९७९ मध्ये सापडलं, लिलावात पंचवीस लाख डॉलरना गेलं. अमेरिकन चित्राला तोवर इतकी किंमत कधी आली नव्हती. आता ते डॅलसला आहे. भाच्याचा प्रश्न : "वसतिगृहाला मिळाले ना पैसे?"

मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 'द हार्ट ऑफ द अँडीज' समोर दुपारी बाराला पोचलो. साडेपाच फूट उंच, दहा फूट रुंद. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टची पुस्तकं वाचून, त्यानं सांगितलेल्या वाटांनी चर्च १८५३ आणि १८५७ मध्ये दक्षिण अमेरिकेत फिरला. पहिल्या वेळी बरोबर सायरस फील्ड, ज्यानं पुढे अटलांटिकखालून तारायंत्राची केबल टाकली तो. कोलंबिया, इक्वेडोर इथल्या रेखाटनांतून हे चित्र न्यूयॉर्कमध्ये जुळवलं. हा देखावा जमिनीवर कुठेच नाही. डावीकडे मागे चिंबोराझो शिखराचं बर्फ, मध्ये तपकिरी पठारं, पाण्याकाठी चिमुकलं गाव, पुढे धबधबा, आणि जंगल.

इंटरमीजिएटच्या मुलांना मी शिकवायचे, पुढचं गडद आणि नेमकं, मागचं फिकट आणि पुसट. चर्च हा नियम अर्धाच पाळतो. रंग फिकट करतो, रेघ पुसट करत नाही. त्यामुळे डोळा कुठेच विसावत नाही, दर वितीवर काहीतरी सापडतं : लाकडी क्रूस आणि त्यासमोर दोन माणसं, फांदीवर क्वेट्झल पक्षी, पानागणिक वेगळी वनस्पती. सही शोधायला भाच्याला लावलं. डावीकडे उन्हाचा कवडसा पडलेल्या बुंध्यावर, साल सोलून कोरल्यासारखी : नाव आणि १८५९. शनिवारी खडकावर पाहिलेल्या नावांचीच सवय.

त्या वर्षी वसंतात हे चित्र मांडलं ते शहरातल्या टेन्थ स्ट्रीट स्टुडिओ इमारतीत. खिडकीच्या चौकटीसारखी भली थोरली अक्रोडी चौकट, दोन्हीकडे पडदे, खोलीत काळोख आणि उजेड फक्त चित्रावर, दारात पंचवीस सेंटचं तिकीट. आपल्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा लागायचा त्याच थाटाचं. लोकांना दुर्बिणी आणायला सांगितलेलं, म्हणजे चित्रात हिंडता यावं. तीन आठवड्यांत बारा हजारांवर माणसं आली. रांगा रस्त्यापर्यंत. चित्र दहा हजार डॉलरना विकलं गेलं, हयात अमेरिकन चित्रकाराला तोवर मिळालेली सर्वांत मोठी रक्कम. ते बर्लिनला हुम्बोल्टला दाखवायचं चर्चच्या मनात होतं, पण प्रदर्शन चालू असतानाच, ६ मे रोजी, हुम्बोल्ट वारला. दोन वर्षांनी सेंट लुईसमध्ये हे चित्र आलं तेव्हा एका तरुण आगबोट-चालकानं ते पुनःपुन्हा जाऊन पाहिलं आणि भावाला पत्रातून कळवलं. तो पुढे मार्क ट्वेन म्हणून प्रसिद्ध झाला.

संग्रहालयात आज बसायला बाक आहे, काळोख नाही, दुर्बीण नाही. शेजारून लोक दहा-दहा सेकंदांत पुढे सरकत होते. चर्चला दुकानदार म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी इथे उभं राहून बघावं. दारावर पैसे मोजलेला माणूस चित्रासमोर तासभर थांबायचा, कारण त्यानं पैसे मोजलेले असायचे.

चारच्या सुमारास टेन्थ स्ट्रीटला उतरलो. स्टुडिओ इमारत होती ५१ वेस्टला. १९५६ मध्ये पाडली, आता तिथं राहत्या घरांची इमारत आहे, बघण्यासारखं काही नाही. पण त्याच रस्त्यानं फिफ्थ अॅव्हेन्यू ओलांडून ७ ईस्टला जा. वर मान केली की पहिल्या मजल्यावर सागवानी गवाक्ष बाहेर आलेलं, वेलबुट्टी, पक्षी, कोयऱ्या, इंच न इंच कोरलेलं. हे लॉकवुड द फॉरेस्टचं घर, १८८७ चं. तो चर्चच्या बायकोच्या नात्यातला, चर्चकडेच चित्रकला शिकलेला. मधुचंद्राला हिंदुस्थानात आला तो इथल्या लाकूडकामाच्या प्रेमात पडला, आणि १८८१ मध्ये मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर अहमदाबादला कोरीवकामाचा कारखाना काढून बसला. लाहोरला त्याची गाठ पडली जॉन लॉकवुड किपलिंगशी, जे त्याआधी दहा वर्षं आपल्या मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवत होते. ओलानातल्या कोरीव सागवानातही या अहमदाबादी सुतारांचा हात आहे.

आजूबाजूच्या इमारतींचा दगड हवेनं झिजलाय, सागवान तसंच. भाच्यानं फोन वर करून फोटो काढला, या वेळी काही न पुसता, आणि विचारलं, "याचं तिकीट?"

"नाही."

मग जर्सी सिटीला जाणाऱ्या 'पाथ' गाडीच्या स्टेशनच्या दिशेनं चालायला लागलो. कार त्यानं सकाळीच जर्सी सिटीत लावून ठेवली होती.